भाऊजींची म्यानं

भाऊजींना चाकूची भीती वाटते, हे त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाला माहीत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गप्प बसतात, कारण धंदाच तसा आहे. ताई भाजी चिरायला बसली की हा माणूस काहीतरी निमित्त काढून बाहेरच्या खोलीत जातो. "पेपर बघतो जरा," म्हणतो. पेपर सकाळीच वाचून झालेला असतो.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, शाळेचे गणवेश शिवते, आणि तोंडाने जरा फटकळ आहे म्हणून ते मला तोफ म्हणतात. लग्नाच्या मांडवात त्यांनी हे नाव ठेवलं. तेव्हा मला राग आला होता. नंतर विचार केला, म्हणू देत बिचारे, बायकोसमोर तर तोंड उघडायची सोय नाही.

भाऊजी दुकानांच्या पाट्या करणाऱ्या कारखान्यात कामाला होते. प्लास्टिकचा पत्रा तापवायचा, मऊ पडला की साच्यावर दाबायचा आणि त्यातून उठावाची अक्षरं काढायची. शहरातल्या निम्म्या औषधाच्या दुकानांची नावं त्यांच्या हातची आहेत. मग लोकांना छापील कापडी पाट्या स्वस्त पडायला लागल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. भाऊजी घरी बसले. दिवसभर खुर्ची खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत सरकवायचे. तो आवाज मला खाली मशीनच्या आवाजातूनही ऐकू यायचा आणि डोकं फिरायचं. वर जाऊन काय बोलणार? घरी बसलेल्या पुरुषाला बोलणं फार सोपं असतं, म्हणून मी तेवढं एक टाळलं.

वरच्या घरात तिसरं माणूस म्हणजे दादा, भाऊजींचे थोरले भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच भाऊजींना वाढवलं. शाळेत घातलं, तापात उशाशी बसले, लग्न लावून दिलं. स्वतः लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "एक पोर वाढवून झालंय माझं." दादा रोपवाटिकेत कलमं बांधायचे. गुलाबाची, लिंबाची. खोडाला चीर द्यायची, दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा, पट्टी गुंडाळायची. त्यांनी बांधलेलं कलम सहसा मरत नसे. दादांच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे, मालकसुद्धा उभ्यानं बोलायचा.

त्यांचा चाकू जुना होता. धार लावून लावून पातं इतकं झिजलेलं, की मूळचं किती रुंद होतं ते दादांनाच ठाऊक. तो कमरेला चामड्याच्या म्यानात असायचा. रोपवाटिकेत सदा ओल. चामडं कुजलं, शिवण उसवली, आणि एक दिवस दादा कुंडी उचलायला वाकले तेव्हा टोक म्यानातून आरपार येऊन मांडीत घुसलं. दादांनी फडकं बांधलं आणि हातातलं काम पुरं करूनच घरी आले. विजार धुवायला टाकली तेव्हा ताईनं रक्त पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं.

त्या दिवसापासून भाऊजींच्या खुर्चीचा आवाज बंद झाला.

दादांसाठी नवं म्यान करायची सुरुवात त्यांनी कारखान्यातून आणलेल्या तुकड्यांनी केली. तो पत्रा पाटीला ठीक, पण कमरेला लावून वाकलं की तडकायचा. मग बॅगांचे कोपरे बनवणाऱ्या एकाकडून चिवट जातीचा पत्रा आणला. तापवायला आधी माझा केस वाळवायचा ड्रायर मागून नेला. मी दिला, कारण मला वाटलं ताईला हवा असेल. तो जळून परत आला. त्यानंतर त्यांनी ताईच्या केक भाजायच्या ओव्हनवर हात टाकला. पहिला तुकडा आत जास्त वेळ राहिला, फोड आले, आणि असा वास सुटला की जिन्यातली माणसं दारं उघडून बघायला लागली. ताईनं ओव्हन उचलून मागच्या गॅलरीत नेऊन आपटला आणि म्हणाली, "आता तुम्ही आणि हा, दोघं इथेच राहा." दोन दिवस अबोला होता. मग तिनंच गॅलरीत एक टेबल सरकवून दिलं आणि तलवार म्यान केली.

पहिलं म्यान जमलं ते असं जमलं की विचारू नका. भाऊजींनी पत्रा तापवला, चाकूभोवती दुमडला, दोन फळ्यांमध्ये जुन्या गादीचा फोम घालून त्यात दाबला आणि शिकंजे आवळले. गार झाल्यावर काढलं तर चाकूचा ठसा अगदी हुबेहूब. फक्त चाकू बाहेर येईना. त्यांनी मुठीचा फुगीर भागसुद्धा पत्र्यात घेतला होता. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला भाऊजी, अशी ओढाओढ झाली. शेवटी करवतीनं म्यान कापून चाकू सोडवला. दादा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "माझ्या चाकूला अटक झाली होती रे!"

मग हळूहळू खुब्या कळत गेल्या. पात्याला आधी कागदी चिकटपट्टीचे थर द्यायचे, म्हणजे आत पातं घासत नाही. पत्रा ओल्या टॉवेलसारखा लोंबायला लागला की लगेच काढायचा, त्याच्या आधी नाही आणि नंतर तर नाहीच. मुठीच्या सुरुवातीला, फक्त तिथेच, बोटानं दाबून एक खळगी करायची. चाकू धरून ठेवते ती ही खळगी. बाकी सगळं नुसतं घर. खाली पाणी निथळायला भोक ठेवायचं, कडेला रिव्हेट मारायचे, कडा पॉलिश पेपरनं घासायच्या. चाकू आत गेला की खट् असा आवाज आला पाहिजे. आणि बाहेर काढताना अंगठ्यानं म्यानाच्या कडेला रेटा दिला तरच निघाला पाहिजे.

शेवटची गोष्ट भाऊजींची स्वतःची. तयार झालेल्या म्यानात चाकू घालून ते चपला काढायचे, म्यान उलटं करून आपल्या अनवाणी पायावर धरायचे आणि जोरानं झटकायचे. चाकूला घाबरणारा माणूस! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच.

"भाऊजी, वेड लागलंय का? फळी ठेवा की खाली."

"फळी ठेवली की हात नीट काम करत नाही गं," ते म्हणाले. "आपला पाय असला म्हणजे करतो."

दादांचं म्यान असं पायावर झटकून तयार झालं. दादा ते लावून रोपवाटिकेत गेले आणि संध्याकाळी परत येताना तिथल्या माळ्यांचे दोन चाकू घेऊन आले. पुढे रोपं छाटायच्या कात्र्या आल्या, त्यांना कमरेला अडकवायची घरं हवी होती. वायरमनच्या पकडी आल्या, पहारेकऱ्याची बॅटरी आली. पट्टा ओवायच्या जाड कापडी पट्ट्या मी शिवून द्यायला लागले. भाऊजी पुन्हा वेळेवर दाढी करू लागले. घरात मोठं काही सुख आलं नाही, पण गॅलरीतून घासण्याचा आवाज यायचा आणि मी खाली मशीन चालवायचे, तेवढं बरं चाललं होतं.

आपल्याकडे बरं चाललं की कुठेतरी चुलीखाली पाणी शिरतंच.

एका सकाळी मी पट्ट्या द्यायला वर गेले होते. दादा कामाला निघालेले, दाराजवळ उभे. सवयीनं त्यांनी चाकू काढून धार बघायला हात घातला. अंगठा रेटला. चाकू आला नाही. पुन्हा रेटला. अंगठा कडेवरून घसरला. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसले.

"म्यान घट्ट झालंय रे," त्यांनी गॅलरीकडे बघून हाक दिली. "उन्हानं आकसलं असणार."

भाऊजी बाहेर आले. त्यांनी म्यान हातात घेतलं, चाकू काढला, घातला. खट्. पुन्हा काढला. तो पत्रा उन्हानं आकसत नाही. ओव्हनमध्ये घालावा लागतो तेव्हा कुठे हलतो, हे त्या घरात माझ्यासकट सगळ्यांना पाठ होतं. भाऊजींनी एकदा दादांच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो खोल गेला होता, बशीसारखा. मलाही तो तेव्हाच पहिल्यांदा दिसला.

"हो, होतं असं कधीकधी," भाऊजी म्हणाले. "थांब, सैल करतो."

त्यांनी गरम हवेची गन खळगीवर धरली, बोटानं जरा बाहेर रेटलं आणि म्यान परत दिलं. दादांनी चाकू काढला. निघाला. दादांचा चेहरा मोकळा झाला आणि ते जिना उतरून गेले.

डॉक्टरांकडे दादा जाऊन आले होते. एकटेच गेले. काय म्हणाले विचारलं तर, "वयाचं आहे म्हणतात." ताईनं खनपटीला बसून विचारलं तेव्हा एवढंच कळलं की नसांचं आहे, हाताची ताकद जात राहणार, परत यायची नाही. कामाचं काय, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. कलम बांधणाऱ्याचा हात गेला हे मालकाला समजलं असतं तर त्या बाकावर दुसरं कोणीतरी बसलं असतं. आणि दादांना त्या बाकाशिवाय दुसरं काय होतं? लग्न नाही, छंद नाही. वाढवलेलं पोर होतं, ते पन्नाशीला आलेलं.

त्यानंतर म्यान वरचेवर आकसायला लागलं. कधी ओलीनं, कधी थंडीनं. दादा कारण सांगायचे, भाऊजी मान डोलवायचे, गन लावायचे. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. मला राहवेना. एक दिवस ताई बाजारात गेलेली बघून मी गॅलरीत गेले आणि तोफ डागली.

"भाऊजी, त्या म्यानात आता खळगी उरलीय का?"

"आहे थोडी."

"थोडी म्हणजे? दुसऱ्या कोणाला दिलं असतंत असलं?"

त्यांनी घासत असलेली कड डोळ्यांजवळ नेली. उत्तर द्यायचं नसलं की हा माणूस असंच काहीतरी डोळ्यांजवळ नेतो.

"सकाळी चाकू निघाला ना," ते म्हणाले, "की त्याचा दिवस नीट जातो. दुपारी मालक त्याला 'तुझा हात गेला' म्हणाला तरी चालेल. मी तसं म्हणणार नाही."

"आणि चाकू पडला तर?"

"तो हात ठेवून चालतो त्याच्यावर. मी पाहिलंय."

मीही पाहिलं होतं. दादा हल्ली कमरेवर हात ठेवून चालायचे, पाठ दुखणाऱ्या माणसासारखे. म्हणजे त्यांना कळत होतं. म्हणजे एक भाऊ म्यान सैल करत होता, दुसरा ते हातानं झाकत होता, आणि दोघांना वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. मला दोघांचा इतका संताप आला की मी पट्ट्या टेबलावर टाकून निघून आले. खाली येऊन शिवायला बसले तर बाही उलटी जोडली गेली.

पडायचा तो चाकू पडला. रोपवाटिकेत दादा वरच्या फळीवरची कुंडी दोन्ही हातांनी उतरवत होते. दोन हात वर गेले म्हणजे कमरेवरचा हात सुटला, आणि कुंडी खाली ठेवायला वाकले तशी चाकूची मूठ खाली झाली. खाली एक बाई बसून रोपं पिशवीत भरत होती. चाकू सुटला तो तिच्या घोट्यावर. बाईला टाके पडले. ती भली, काही बोलली नाही. मालक बोलला. पण दोष दादांना नाही दिला. म्हणाला, "तुमच्या भावाचा माल पहिल्यासारखा राहिला नाही." माळ्यांनी आपापली म्यानं काढून बघायला सुरुवात केली.

हे सगळं दादांनीच घरी येऊन सांगितलं. दिवेलागणीची वेळ होती. ताई, मी आणि भाऊजी गॅलरीतच होतो, मी पट्ट्यांचं माप घेत होते. दादा कपडेही न बदलता आत आले. सांगून झाल्यावर त्यांनी कमरेचा पट्टा सोडला. बक्कल सोडायलाही वेळ लागला, पण कोणी पुढे झालं नाही. म्यान हातात घेऊन ते भाऊजींसमोर उभे राहिले.

"पाय ठेव," दादा म्हणाले.

भाऊजी अनवाणीच, टेबलापुढच्या लाकडी पाटावर उभे होते.

"दादा, राहू दे आता. हातपाय धुऊन घे."

"सगळ्या गावाच्या म्यानाखाली पाय ठेवतोस ना? याच्याखाली ठेव."

भाऊजींनी पाय पुढे केला. दादांनी दोन्ही हातांनी म्यान उचललं आणि उलटं करायला लागले. म्यान पुरतं उलटं झालंही नव्हतं, तेवढ्यात भाऊजींनी पाय मागे घेतला.

चाकू पडला. झटकावंही लागलं नाही. पाटात उभा रुतून बसला.

ताईनं तोंडावर पदर धरला. दादा त्या चाकूकडे बघतच नव्हते. भाऊजींनी जिथून पाय मागे घेतला त्या जागेकडे बघत होते.

"तुझा पाय तू काढून घेतलास," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आणि माझ्या कमरेला लावलंस. त्या बाईच्या पायावर आणलंस."

"तूच म्हणालास, घट्ट झालंय."

"मी म्हणालो. तुला माहीत नव्हतं?"

भाऊजी खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. दादा त्यांच्याजवळ बसले. उजवा हात उचलून भाऊजींच्या डोक्यावर ठेवायला गेले, तो अर्ध्यात अडखळला, म्हणून डावा ठेवला.

"पूर्वीसारखं कर," दादा म्हणाले.

"तुला निघणार नाही रे."

"ते मी बघीन. तू पूर्वीसारखं कर."

भाऊजी उठले. पाटातला चाकू उपटला. पात्याला चिकटपट्टीचे थर दिले. जुनं म्यान दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं, म्हणून नवा पत्रा कापला, ओव्हनमध्ये ठेवला आणि काचेतून बघत उभे राहिले. आम्ही सगळेच उभे होतो. पत्रा लोंबायला लागला तसा बाहेर काढला, दुमडला, दाबला, शिकंजे आवळले. गार झाल्यावर सोडवलं. मग गन लावून खळगी केली, रिव्हेट मारले, कडा घासल्या. चाकू आत घातला. खट्. उलटं करून पायावर धरलं आणि झटकलं, पुन्हा पुन्हा झटकलं, दादांनी "पुरे" म्हणेपर्यंत.

दादांनी म्यान कमरेला लावलं. अंगठा कडेवर ठेवला आणि रेटा दिला. अंगठा नुसता वाकला. दुसरा हात लावला. मान लाल झाली, कपाळावर शीर आली. चाकू तसूभर हलला नाही.

"काढून देऊ?" भाऊजींनी विचारलं.

"नको. बरोबर झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तेच म्यान लावून रोपवाटिकेत गेले. मालकाला स्वतः सांगितलं की माल चांगला आहे, हात गेलाय. त्या बाईचीही माफी मागून आले. आता त्यांच्या बाकावर दुसरा माणूस बसतो. दादा शेजारी स्टूल घेऊन बसतात, चीर कुठे द्यायची ते सांगतात, जमेल तेव्हा पाइप धरून पाणी घालतात. डावा हातही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. चाकू कमरेला असतो. विचारलं तर म्हणतात, "सवय आहे, पट्टा रिकामा बरा वाटत नाही."

दर रविवारी सकाळी ते गॅलरीत येऊन बसतात. भाऊजी त्यांच्या कमरेवरून म्यान सोडवतात, चाकू काढतात, पुसतात, तेलाचा हात फिरवतात. अजूनही पातं स्वतःपासून जरा लांबच धरतात. मग चाकू आत घालतात, चपला काढतात, म्यान उलटं करून पायावर धरतात आणि झटकतात. दादा त्या वेळी चाकूकडे बघत नाहीत, पायाकडे बघत बसतात. पाय हलत नाही.